ताईच्या भिंतीवरची पिवळी रेघ

दोंडाईच्याहून पॅसेंजर सुटली तेव्हा माझ्या पायाशी आमच्याकडच्या दादर जातीच्या ज्वारीच्या पिठाची पिशवी होती आणि डोक्यात संशय. सुरतेहून थोरल्या बहिणीचं, लीलाताईचं पत्र आलं होतं: "वस्तीवरून जाणाऱ्या बायपासचा सरकार फेरविचार करतंय. लोकांचं म्हणणं ऐकणार म्हणे. तू ये." इतकी वर्षं नकाशात असलेला रस्ता लोकांच्या म्हणण्यावरून कधी हलतो का? मी शाळेत हेडक्लार्क. फेरविचाराच्या नावाखाली कायकाय दडपतात, ते मला चांगलं ठाऊक.

नवापूरला महाराष्ट्र-गुजरातची हद्द स्टेशनातूनच जाते. भजी घेताना विचारलं, "इथं मी कुठल्या राज्यात उभा आहे हो?" भजीवाला म्हणाला, "साहेब, गरम आहेत तोवर खा." तिथं चढलेला एक माणूस फारच चौकशा करायला लागला. कुठं निघालात, कोणाकडे, वस्ती कुठली. जमिनीचा दलाल असणार! लग्नाला चाललोय, असं ठोकून दिलं. बारडोलीला मळीचा वास डब्यात शिरला तेव्हा तो बांगड्यांची पेटी घेऊन उतरला.

उधन्याहून रिक्षा केली. पांडेसऱ्याच्या खाडीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. पलीकडे आमच्या खान्देशी लोकांची वस्ती. दाजी रंगाच्या कारखान्यात मशीनवर. वीस वर्षांत दोघांनी दोन पक्क्या खोल्या उभ्या केल्या होत्या. समोरच्या भिंतीवर मोजणीवाल्यांनी मारलेली हातभर लांब पिवळी रेघ. बायपास इथूनच जाणार होता. ताईनं दिवाळीला भिंतीला चुना मारला होता, रेघ तेवढी सोडून.

"पुसली तर गुन्हा होतो म्हणे," ती म्हणाली. मग पिशवी घेत, "पहिले जेवी ले (आधी जेवून घे)." वांग्याचं भरीत झकास होतं, पण माझा डोळा रेघेवरून हटेना.

सकाळी ताईला घेऊन भूसंपादनाच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून उठून उभाच राहिला. "बेसो, बेसो. चा पिशो (बसा, चहा घेणार)?" मी ताईच्या कानात पुटपुटलो, "एवढं गोड बोलतोय, पाणी मुरतंय कुठंतरी." वस्तीतल्या चाळीसेक घरांनी हरकतीचे अर्ज दिले होते. मसुदा मीच आधी पोस्टानं पाठवला होता. कारकून म्हणाला, "तुमच्या वस्तीचे अर्ज बाजूला ठेवले आहेत."

"बाजूला? तरीच! आधीच ठरलंय तुमचं सगळं!" माझा आवाज चढला.

त्यानं शांतपणे गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "भाई, आमां सुरत क्यां छे (यात सुरत कुठे आहे)?"

पहिलाच अर्ज ताईचा. राहणार: आमचं गाव, तालुका शिंदखेडा. दुसरा अमळनेर तालुक्यातला, तिसरा साक्रीचा. सगळा गठ्ठा चाळला. सुरत कुठंच नाही!

"सगळे बाहेरगावचे," कारकून म्हणाला. "त्यांची हरकत कशी धरू? इथं कोणी राहतच नाही, असंच साहेब म्हणणार."

मसुद्यात गावाचा पत्ता मीच घातला होता आणि बाकीच्यांनी तो पाहून आपापलं गाव लिहिलं होतं. आमच्या लोकांना राहणार कुठले विचारलं की तोंडून गावच येतं. सुरतेतल्या घराला सगळे रूम म्हणतात. घर म्हणजे गावाकडचं, मग ते वर्षभर कुलपात का असेना.

"आज शेवटचा दिवस. पाचच्या आत इथलं रेशनकार्ड जोडून नवे अर्ज आणा," कारकून म्हणाला.

बाहेर येताच मी म्हणालो, "नव्यानं सह्या कशाला हव्यात याला? काहीतरी डाव आहे."

ताई भडकली. "तुझा संशय ठेव तुझ्यापाशी! चूक कोणाची होती? त्याची का तुझी?"

दुपारभर ओट्यावर बसून अर्ज लिहिले. पाळीवर गेलेल्यांच्या सह्या त्यांच्या बायका कारखान्याच्या फाटकावर जाऊन घेऊन आल्या. ताईनं आपला अर्ज स्वतः लिहायला घेतला आणि पत्त्यापाशी थांबली.

"भाऊ, सुरत लिहिलं तर गावातून माझं नाव जाईल का रे?"

"नाही गं," मी म्हणालो. तिनं पांडेसरा, सुरत असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे न बघताच गठ्ठ्यात ठेवला. साडेचारला अर्ज दिले. पोचपावतीवरचा शिक्का मी उजेडात धरून दोनदा तपासला.

दुसऱ्या दिवशी परतलो. होळीच्या सुमारास ताईचं पाकीट आलं. आखणी बदलली होती. रस्ता आता खाडीच्या अलीकडच्या पडीक जमिनीवरून. "रेघेवर चुना मारला," तिनं लिहिलं होतं. "दरवर्षी तू मला घरी ये, घरी ये म्हणतोस. यंदा तूच घरी ये."

सवयीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मागं पाठवणाऱ्याचा पत्ता सुरतचा, अक्षर तिचंच. वीस वर्षांत पहिल्यांदा तिथं आमच्या गावाचं नाव नव्हतं. आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. मग पिशवी काढली आणि तिच्यासाठी ज्वारी दळायला टाकून आलो.