खुळखुळाबाई

औषधाची बाटली असो, पावडरचा डबा असो, नाहीतर शेजारणीने परत केलेली साखरेची बरणी असो, हातात आली की ती आधी कानाशी नेऊन हलवायची. झाकणाचा नंबर त्यानंतर. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्याने छान कागदात गुंडाळून काहीतरी आणलं, तर तेही तिने फीत सोडायच्या आधी हलवलं.

"अगं, भेट आहे ती, स्टॉक नाही!" तो म्हणाला आणि त्याच दिवशी त्याने तिचं नाव खुळखुळाबाई ठेवलं. तोंडाचा फाटका माणूस. आठवड्याभरात ते नाव तिच्या ऑफिसातही पोचलं.

सवय वडिलांकडून आली होती. ते घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की हाताने थोपवायचे, घड्याळ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "तुम्ही जरा थांबा, आधी याला बोलू द्या." मुलगी पुढे ऑडिटर झाली, तरी काम तेच राहिलं. कंपन्या आपापले हिशेब मांडतात, नफा सांगतात. त्या नफ्याकडे बघून परकी माणसं आपली पुंजी कंपनीत घालतात. त्यांना काही कारखान्यात शिरून फडताळं उघडता येत नाहीत. त्यांच्या वतीने जाऊन उघडायचं आणि सांगितलंय तसंच आत आहे का ते बघून सही करायची, हा तिचा धंदा. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत ती, दुसरीत तिचे वयस्कर भागीदार, ज्यांना सगळे थोरले म्हणत. जिन्यात कायम खोकल्याच्या औषधाचा वास.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवऱ्याच्या आत्याने शिवणाचं दुकान विकलं.

आत्याने लग्न केलं नव्हतं. सारी हयात दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवण्यात गेली. आता डोळे थकले म्हणून दुकानाची जागा विकली आणि हातात एकदम रक्कम आली. आत्या दर रविवारी जेवायला यायच्या. त्या रविवारी चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "बँकेत पैसे नुसते लोळतायत आळशासारखे. त्या रंगाच्या कंपनीचे नवे शेअर निघतायत म्हणे. सगळे तिकडेच घालते."

"सगळे?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय अर्धे तुझ्या नावावर करू? माझ्या घराला त्यांचाच आकाशी रंग आहे. इतकी वर्षं झाली, एक पोपडा नाही. भिंत खोटं बोलत नाही."

"भिंत बोलतच नाही, आत्या. तिला फक्त कान असतात."

"तू गप. सूनबाई, तू त्यांचेच हिशेब तपासतेस ना? सांग बघू, घेऊ का?"

"आत्या, मला बोलता येणार नाही."

"का? दात दुखतोय?"

"तिथलं काही घरी सांगायचं नसतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

आत्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग समाधानाने मान हलवली. "कळलं. मौन म्हणजे होकार. आमच्या वेळी मुली लग्नाला अशाच हो म्हणायच्या."

दुसऱ्या दिवशी तिने हे थोरल्यांच्या कानावर घातलं. ऑडिटरच्या कुठल्या नातेवाइकांनी त्या कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, याचे नियम असतात. थोरल्यांनी नियम काढून पाहिले. नवरा होता, आईबाप होते, भावंडं होती. आतेसासू नव्हती.

"नियम करणाऱ्याला आतेसासू नसणार," थोरले म्हणाले. "तू फक्त तोंड बंद ठेव."

ते तिला जमत होतं. पंचाईत झाली ती रंगाच्या कंपनीतला माल मोजायला गेल्यावर.

गोदाम सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळी कंपनी मामा म्हणायची. मामांनी तिला थेट दारालगतच्या रांगेपाशी नेलं. डबे कसे, आरशासारखे पुसलेले. लेबलावर वांगी रंगाचा गोल.

"बाई, हा माझा एक नंबरचा माल. बाकीचे डबे हलवले की डुचमळतात. हे बघा," म्हणून त्यांनी एक डबा तिच्या कानाशी हलवला. "हूं नाही की चूं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. हे काठोकाठ भरलेत, म्हणून गप्प आहेत."

तिने तोच डबा स्वतः हलवून पाहिला. रंगाचा डबा काठोकाठ कधीच भरत नाहीत. वर दोन बोटं जागा सोडतात. नीट असलेला रंग हलवला की आत डुबुक डुबुक करतो. तिने दुसरा डबा हलवला. तिसरा हलवला. वांगी रंगाची अख्खी रांग मौनव्रत घेऊन बसली होती.

"मामा, स्क्रूड्रायव्हर आहे?"

झाकण निघालं. मामांनी रंग ढवळायची काठी आत घातली, ती टक्कन वाजली आणि परत आली. मामांनी जरा जोर लावला. काठी मोडली.

"हा एखादा असेल तसा," मामा म्हणाले. दुसरा उघडला. मग तिसरा. मग ते शेजारच्या खोक्यावर बसले. "मी यांना दर आठवड्याला पुसत होतो हो, बाई. पाहुण्यांसारखं दारात बसवलं होतं."

"पुसलेत ते बरं केलंत. लेबलं तरी वाचता येतायत," ती म्हणाली. मामांना त्याही अवस्थेत हसू फुटलं.

मालकांचं मात्र हसू पळालं. वांगी रंग हे त्यांचं लाडकं बाळ होतं. त्यांच्या खोलीच्या चारी भिंतींना तोच होता. आत गेलं की वांग्याच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं. त्यांनी तो हौसेने ढिगाने करवून घेतला आणि लोकांनी तो तितक्याच एकमुखाने नाकारला. पडून राहिला, त्यात झाकणं सैल निघाली.

"सगळा वाळला?" त्यांनी घरचं माणूस आजारी असल्यासारखं विचारलं.

"उघडला तेवढा सगळा. तुमच्या हिशेबात मात्र तो पुऱ्या किमतीने उभा आहे, साहेब. आता त्याची किंमत पत्र्याच्या भावाची. तेवढा नफा कमी दाखवावा लागेल आणि का कमी झाला ते टिपेत लिहावं लागेल."

"पुढच्या वर्षी लिहू ना! यंदा नवे शेअर निघतायत. वाळलेला रंग वाचून लोक दारातून परत फिरतील."

"मग माझ्या रिपोर्टात मला शेरा मारावा लागेल."

"शेरा वाचून तर पळतच सुटतील!" मालक उठून खिडकीपाशी गेले आणि तिकडे तोंड करूनच म्हणाले, "मॅडम, आपला इतक्या वर्षांचा संबंध. पण शहरात दुसरेही ऑडिटर आहेतच."

हे तिला लागलं. त्यांच्या दोन खोल्यांचं अर्धं भाडं या कंपनीच्या कामातून निघत होतं. ती काय बोलावं या विचारात समोर बघत राहिली. समोर मालकांच्या वडिलांचा फोटो होता आणि खाली एक जुनी पाटी: आधी उघडून दाखवू, मग पैसे घेऊ.

"ही पाटी वडिलांची?"

"हो. बाबा फुटपाथवर बसून रंग विकायचे. झाकण काढून, काठी फिरवून गिऱ्हाइकाला दाखवायचे. त्याशिवाय पैशाला हात लावायचे नाहीत."

"आता शेअर घ्यायला जी माणसं येतील, त्यांच्यापुढे काठी कोण फिरवणार?"

मालकांनी चहा सांगायला घंटी वाजवली. शिपाई आला तेव्हा कशाला बोलावलं ते त्यांना आठवेना. "विचार करतो," एवढंच ते म्हणाले.

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काम गेलं तर जाईल," ते म्हणाले. "जिन्यातला बल्ब बदलायचा होता, तो जरा लांबवू."

थोरल्यांचं सोपं होतं, त्यांच्याकडे रविवारी आत्या येत नव्हत्या.

आत्या आल्या त्या शेअरचा अर्ज भरूनच. अक्षर कसं, टीप घातल्यासारखं सरळ. रकमेच्या रकान्यात दुकानाची पैन् पै. "सही तेवढी राहिलीय," म्हणून त्यांनी तो पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला.

तिला घास गिळवेना. पण घास गिळला नाही तर आत्यांना काहीतरी कळेल, आणि कळता कामा नये. म्हणून तिने भूक नसताना दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. हसून घेतला.

"बघ, बघ," आत्या भाच्याला कोपर मारून म्हणाल्या. "दोनदा भात! कंपनी ठणठणीत आहे. आण रे पेन."

"आत्या!" भाताचं शीत तिच्या नाकात गेलं. ठसका थांबल्यावर ती म्हणाली, "माझ्या भातावरून शेअर घेऊ नका हो. मी जेवले काय, न जेवले काय, त्यात काही नाही. आणि मी गप्प बसते तो होकार नाही. नकारही नाही. जे मी बोललेच नाही, ते तुम्ही ऐकू नका."

"मग मी ऐकू तरी कुणाचं?"

"कंपनीचा रिपोर्ट छापून येईल. अर्जाची मुदत त्याच्याही पुढे आहे. तो वाचा, आणि मागून वाचा. पुढे नुसते फोटो असतात. मागच्या टिपांमध्ये काय ते असतं."

"हे तर तू दूधवाल्यालाही सांगतेस."

"तेच तुम्हाला सांगतेय. जास्तीचं एक अक्षर नाही."

आत्यांनी अर्जाची घडी करून पर्समध्ये घातली. चेहरा फुगला होता. "शिवण उलटं करून बघायचं असतं, हे आता तू मला शिकव," त्या म्हणाल्या. पण सही केली नव्हती.

तिच्या जिवाला मात्र घोर लागून राहिला. मालकांनी दुसरा ऑडिटर गाठला आणि त्याने डबे न हलवताच सही ठोकली, तर आत्या रिपोर्ट मागून वाचोत की पुढून, वाळका रंग त्यात सापडायचाच नाही. आणि आपण मूग गिळून समोर भात खात बसणार!

सोमवारी फोन आला, "मॅडम, गोदामात येता का?"

मालक बाह्या सरसावून डब्यांच्या मधोमध उभे होते. कानाला रंग लागलेला. मामा कंबर धरून बसलेले.

"शनिवारी सहज म्हणून एक हलवला," मालक म्हणाले. "मग हात थांबेना. काल मामांना घेऊन अख्खं गोदाम हलवलं. खांदे निखळलेत. तुम्ही उघडलेत त्याच्याहून जास्त निघाले. हिरव्यातही आहेत थोडे." त्यांनी खिशातून कागद काढला. "रिपोर्टात माझं पत्र असतं, त्यात हे घालतोय. बघा चालतंय का."

भागधारकांसाठी त्यांनी लिहिलं होतं: "वांगी रंग ही माझी हौस होती. तो खपला नाही आणि वाळून गेला. त्याचं नुकसान याच वर्षाच्या हिशेबात दाखवलं आहे. आता दर तिमाहीला डबे उघडून पाहू. लोकांना रंगाची जाण नाही."

"शेवटचं वाक्य काढलंत तर बरं," ती म्हणाली.

"खरं आहे ते."

"असेल. पण त्याला माझ्याकडे पुरावा नाही."

ते निघालं. रिपोर्ट छापून आला. मालकांच्या पत्रात वाळका रंग होता, मागच्या टिपेत आकड्यांसकट होता, आणि शेरा मारायची वेळ आली नाही. नफा घटला म्हणून काही लोक खरंच दारातून परत गेले. नवे शेअर पहिल्या दिवशी उडाले नाहीत. रांगत रांगत अगदी शेवटच्या दिवशी संपले.

त्यानंतरच्या रविवारी आत्या आल्या, हातपाय धुऊन पानावर बसल्या आणि म्हणाल्या, "रिपोर्ट वाचला. भिंग लावून, मागून पुढे. ठरवायचं ते ठरवलं. काय ठरवलं ते सांगणार नाही. माझाही डबा बंद."

"घरात आता दोन झाले," नवरा म्हणाला. "मी बिचारा मधे एकटाच वाजतोय."

तिला विचारायची सोय नव्हती. आत्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. त्याचा अर्थ काय लावावा, या विचारात तिचं स्वतःचं जेवण निवून गेलं. आत्या मान खाली घालून गालात हसत होत्या.

पुढच्या वर्षी कंपनीची सभा भरली. आत फक्त भागधारकांना प्रवेश. ऑडिटर म्हणून तिला व्यासपीठावर, मालकांच्या डावीकडे खुर्ची होती. दारात प्रत्येकाला नव्या रंगाचा एक चिमुकला डबा भेट दिला होता. मालकांचं भाषण रंगात आलं असताना तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, डुबुक डुबुक.

आत्या डबा कानाशी धरून हलवत होत्या. ठेवणीतली साडी, नाकावर भिंगाचा चष्मा. ऐकून समाधान झाल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"हा डबा ओला आहे. छान. त्या वाळक्यांचं काय केलंत?"

"भंगारात दिले, ताई. टिपेत लिहिलंय," मालक म्हणाले.

"वाचलंय. गोदामात परत वाळलेत का, ते विचारतेय."

"मामा!" मालकांनी हाक मारली. "डबे आणा इथे, आणि स्क्रूड्रायव्हर."

सभेत हशा पिकला. मामा लगबगीने निघाले. व्यासपीठावर ऑडिटरने चेहरा कसा ठेवावा, याचा काही नियम नव्हता. तरी तिने ओठ घट्ट मिटून घेतले. उपयोग झाला नाही.

"आणि त्या कडेच्या बाई हसतायत," आत्या खाली बसता बसता म्हणाल्या, "ते का, त्याचीही एक टीप छापा."