दारातला वास

माझ्या नवऱ्यानं दारू सोडली त्याला बरेच दिवस झाले होते, पण माझ्या नाकानं आपली नोकरी सोडली नव्हती. हे बदनापूरला बियाण्याच्या गोदामात कामाला. संध्याकाळच्या रेल्वेनं जालन्याला परत यायचे, दारात वाकून चपला काढायचे, आणि मी पाण्याचा पेला पुढं करत हळूच श्वास ओढून घ्यायचे. नुसता घामाचा आणि बियाण्याला लावायच्या औषधाचा वास आला की जीव भांड्यात पडायचा. मग मी चहा ठेवायचे.

त्यात मला कचऱ्याचं खूळ लागलं. आमच्या गल्लीत घंटागाडीचा काही नेम नव्हता, आणि मोसंबीच्या दिवसांत स्वयंपाकघरात सालींचा ढीग पडायचा. महिला मंडळात एका बाईंनी कचरा आंबवून खत करायला शिकवलं. घट्ट झाकणाची बादली, तिला खाली तोटी. साली, देठं, उरलंसुरलं बारीक चिरून दाबून भरायचं आणि प्रत्येक थरावर गूळ-ताकात आंबवलेला गव्हाचा कोंडा पसरायचा. हवा अजिबात जाऊ द्यायची नाही. लोणच्यासारखं मुरलं की मातीत पुरायचं. मी बादली बाल्कनीच्या दारामागे ठेवली आणि शेजारणींपुढे चांगली मिरवलीसुद्धा.

एका दुपारी तोटीखाली डबा धरून सुटलेलं पाणी काढत होते आणि डबा तसाच खाली ठेवून मागं सरले. गूळ आणि मोसंबी आंबल्यावर येणारा तो वास मला पाठ होता. हे गुळाची दारू प्यायचे तेव्हा शर्टाला यायचा, उशीला यायचा. झाकण दाबलं, फरशी पुसली, उदबत्ती लावली, तरी तो हलेना. संध्याकाळी मी पेला पुढं केला, श्वास घेतला, आणि मला काही कळेचना. वास बादलीचा की माणसाचा?

तिथून माझी पाचावर धारण बसली. त्यातच हे उशिरा यायला लागले. विचारलं तर "गाडी लेट होती," एवढंच. समोरच्या घरातले काका त्याच गाडीनं यायचे, ते तर केव्हाचे लुंगी लावून गॅलरीत बसलेले असायचे. पुढं विचारायचा धीर झाला नाही. खरं निघालं तर काय करायचं होतं मी? बादली फेकून देणं अवघड नव्हतं. पण फेकली आणि तरी वास राहिला तर? ती होती तोवर निदान तिच्यावर आळ घेता येत होता.

एका संध्याकाळी दिवे लागले तरी ह्यांचा पत्ता नाही. मी खाली उतरले, तर हे बिल्डिंगच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर बसलेले, मांडीवर डब्याची पिशवी.

"अहो, इथं काय करता? वर चला ना."

ह्यांनी मान वर केली नाही. "तुझी ती बादली... मला वाटलं, सवय होईल. पण दार उघडलं की तोंडाला पाणी सुटून राह्यलंय. परवा तोटीखालचा डबा उचलून नाकाला लावल्ता मी. आता घरात यायचंच भेव वाटतं."

"मंग बोलला का न्हाईत?"

"इतक्या हौसेनं केल्तं तू."

मी तिथंच भिंतीला टेकले. डबा नाकापर्यंत गेला होता. तिथून ओठ किती लांब असतात?

काकांची कुदळ मागून आणली. बादली दोघांनी मिळून खाली उतरवली, मागच्या मोकळ्या जागेत खड्डा केला आणि सगळं पुरून टाकलं. माती लोटताना मी रडतच होते. वर येऊन मी खिडक्या सताड उघडल्या, बाल्कनी फिनेलनं धुतली. हे दाराबाहेरच थांबले होते, हाताला माती, पायात चपला. मी सवयीनं पेला आणायला वळले.

"गिलास राहू दे," हे म्हणाले. "आता घे वास. रोज घेती तसा. बराबर घे."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. मी जवळ गेले, पण रडून रडून नाक चोंदलं होतं आणि मला कसलाच वास येईना.