आधी अंदमान, मग रामेश्वर

आमचे हे बालाघाट स्टेशनात तिकिटांच्या खिडकीवर बाबू होते. त्यांना टाइमटेबल वाचायचा नाद होता. दुसरी माणसं जेवण झाल्यावर पोथी उघडतात, तसे हे भिंतीला टेकून टाइमटेबल उघडायचे. जायचं कुठेच नसायचं. पण अमुक गाडीतून उतरलं तर तमुक गाडी मिळते की नाही, मध्ये चहाला वेळ राहतो की नाही, हे जुळवत बसायचे. रेल्वेचा पास दर वर्षी मिळायचा आणि दर वर्षी तसाच वाया जायचा. लग्नानंतर आम्ही दोघं गोंदियाच्या पुढे गेलो नव्हतो.

त्या वर्षी आखाडात माझी माय कटंगीच्या छोट्या गाडीने आली. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती यांना म्हणाली, "जवाईबापू, पुसात माह्या पोराले बारा वर्षं होऊन राह्यले."

माझा मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकले ती त्याच्यामुळे. शाळा दुसऱ्या गावी होती आणि नाल्याला पाणी आलं की तो मला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचा. पुढे तो बालाघाटला लाकडाच्या डेपोत कामाला लागला. तिथून एका ठेकेदाराने जंगल तोडायला म्हणून काही माणसं अंदमानला नेली, त्यांत तो गेला. तेव्हा माझ्या लग्नाला आठच दिवस झाले होते आणि त्याच्या लग्नाला दोन वर्षं. मूल नव्हतं. वहिनी मायजवळ राहिली.

त्याच्या तीन चिठ्ठ्या आल्या. घरी वाचता कोणालाच येत नव्हतं, म्हणून माय आणि वहिनी चिठ्ठी घेऊन गाडीने माझ्याकडे यायच्या आणि मी वाचून दाखवायची. पहिल्या दोन चांगल्या होत्या. इथे पाऊस थांबतच नाही, झाडं इतकी जाड की आपला साग त्यांचं लेकरू दिसेल, जळवा वरून अंगावर पडतात, हिरवं पाहून पाहून डोळे दुखतात, असं लिहिलं होतं. तिसरी पुसात, म्हणजे पौषात आली, ती लहान होती. तिच्यात होतं, "माझी वाट पाहू नका. तिला तिच्या माहेरी जायचं असेल तर जाऊ द्या."

समोर माय बसली होती आणि तिच्या मागे वहिनी. मी थांबले. मग वाचलं, "माझी काळजी करू नका. तिला सांभाळा."

त्यानंतर चिठ्ठी आली नाही. ती तिसरी चिठ्ठी मायने देवाच्या कोनाड्यात ठेवली आणि रोज तिच्यापुढे दिवा लावू लागली. मी काय केलं ते मी कोणालाही सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही.

माणूस बारा वर्षं परतला नाही, त्याची काही खबर नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात. मग त्याचा दहावा, तेरावा होतो. त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात, काळी पोत तोडतात. आमच्या गावच्या महाराजांनी मायला सांगितलं होतं, की हे काम रामेश्वरला झालं तर फार चांगलं. पण मायला दोन्हीकडून भीती होती.

"नाही केलं तर पोरगा तहानलेला फिरन," ती म्हणाली. "अन् न पाहता जाळला, अन् तो जिता असला तं? जित्या माणसाले जाळल्याचं पाप लागते ते वेगळंच. काय करू, बापू?"

हे उठले आणि टाइमटेबल घेऊन आले.

"मामी, आयका. मद्रासपर्यंत रस्ता एकच आहे. मद्रासहून अंदमानची बोट भेटते. दिवाळी झाली, धान घरात आलं, की आम्ही दोघं निघू. अंदमानात त्याले पाहू. भेटला तर घेऊनच येऊ. नाही भेटला, तर परत मद्रास, तिथून रामेश्वरची गाडी. तोपर्यंत पूस लागते. बारा वर्षं बी पुरी होते. रामेश्वर बी बेटच आहे, समुद्रावरून गाडी जाते. एका पासात दोन बेटं!"

इतका चांगला मेळ त्यांना कधी जुळला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला होता. माय हात जोडून म्हणाली, "तुमचंच डोकं, बापू." मलाही त्या दिवशी त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. यांनी जुन्या फॉर्मच्या पाठीवर दोन्ही बेटं काढली. अंदमान लांब, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळेसारखं. रामेश्वर शंखासारखं. स्टेशनातला एक मद्रासी गार्ड रामेश्वरला जाऊन आलेला होता. तो म्हणाला, तिथे वाळूच वाळू, काटेरी बाभळी, वारा असा की झाडं एकाच अंगाला वाकलेली, सावली शोधावी लागते. म्हणजे एका बेटावर झाडांनी आभाळ दिसत नाही आणि दुसऱ्यावर आभाळाशिवाय काही नाही. हे दोन्हींच्या बाजूला बारीक अक्षरात लिहीत जायचे. अंदमान, छत्री घेणे. रामेश्वर, पाण्याची सुरई घेणे.

"लोक लग्न झाल्यावर फिरायले जाते," हे म्हणायचे, "आपण पोरं शाळेत गेल्यावर. तुले कोणतं बेट पहायचं आहे, सांग."

मला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मी खाली पाहून म्हणाले, "दोन्ही."

खरं लिहायचं तर मला जायचं होतं. यांनी माझ्यासाठी चपला आणल्या. मला चपलांची सवय नव्हती, म्हणून दुपारी दार लावून मी अंगणात त्या घालून चालायची. चालता चालता दादाशी बोलायची. तू स्वतः येऊन सांग म्हणायची, माझ्या तोंडून नको. आणि मध्येच बोटीत जेवायला काय देतात असा विचार यायचा. भावाला शोधायला जायचं, नाही सापडला तर जाळायला जायचं, आणि मी चपला घालून पाहत होते. त्याची मला आजही लाज वाटते.

दिवाळी झाली. बोटीचं पत्र आलं, रजा मंजूर झाली. पोरांना सासूबाईंकडे सोडायचं ठरलं. निघायला चार दिवस होते तेव्हा वहिनी आली. एकटी, पहिल्यांदाच. मायचे गुडघे सुजले होते म्हणून तिने हिलाच पाठवलं होतं. हे ड्युटीवर होते.

वहिनीने दोन गठुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हे मायनं देल्ले," ती म्हणाली. "यात शर्ट आहे. नवीन शिवला. भेटले तर द्यायले. अन् यात पांढरं कापड. नाही भेटले तर, तिथं लागते म्हणे."

शर्ट मी उलगडून पाहिला. बावीस वर्षांच्या पोराच्या मापाचा होता. माय त्याच मापावर थांबली होती.

मी चहा ठेवला. वहिनीने सूप ओढलं आणि माझे तांदूळ निवडू लागली. ती हात रिकामा ठेवत नसे. गावात कोणाच्या घरी लग्न असलं की हळद दळायला पहिलं बोलावणं तिलाच यायचं. ओव्या तिच्यासारख्या कोणी म्हणत नसे. नवरा नसून बाई मानाची, असं बायका म्हणायच्या. काही जणी टोमणाही मारायच्या, "हिचं कुंकू बिना नवऱ्याचंच ठळक."

"किती दिवस लागते, बाई?" तिने विचारलं.

"महिना तरी."

"म्हणजे पुसात तुम्ही येता." ती तांदूळ पाखडत राहिली. "मी हिसाब लावून राह्यली. या वर्षीची संक्रांत मले सापडते का नाही."

मी चहात साखर टाकली. मला कधीच वेळेवर बोलता येत नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "भेटले, तर एकटे असन काय? बारा वर्षं माणूस एकटा राहते काय कुठं?"

"वहिनी..."

"मी रडून नाही राह्यली. सांगून राह्यली. पहिल्या बेटावर ते भेटले तर त्यायची बायको भेटन, लेकरं भेटन. मग मी कोण? नाही भेटले तर दुसऱ्या बेटावर तुम्ही मले रांडव करून येता. भाऊजींनं दोन्ही गाड्या बरोबर जुळवल्या. पण त्यातली माह्यासाठी कोणती?"

चहा उतू गेला. मी उठून भांडं उतरवलं. माझी तिच्याकडे पाठ होती तेव्हा ती म्हणाली, "ती शेवटची चिठ्ठी वाचताना तुम्ही थांबल्या होत्या."

मी वळले नाही.

"गावात आता शाळा झाली, बाई. कोणतंही लेकरू ती वाचून दाखवन. बारा वर्षांत मी ती कोनाड्यातून काढली नाही. काहून? तुम्ही वाचली तेवढ्यावर मायलेकीसारखं आमचं चाललं आहे. ते चालू द्या. बस."

एवढं बोलून तिने चहा घेतला, निवडलेले तांदूळ डब्यात भरले आणि चारच्या गाडीने परत गेली. जाताना मी तिला कुंकू लावलं. ती वाकली नाही. सरळ उभी राहून तिने लावून घेतलं.

रात्री हे होल्डॉलचे पट्टे ओढून पाहत होते. मी म्हटलं, "मी नाही येत."

"कुठं?"

"मद्रासले."

"काहून?"

 काय सांगणार होते? चिठ्ठीचं सांगितलं असतं तर मायपर्यंत गेलं असतं.

"अवो, बोट नाही बुडत. सरकारी आहे," हे हसले. मग दुसऱ्या दिवशी हसणं गेलं. "मी तुझ्या भावाले एकदा मांडवात पाहिला, बाशिंग लावून मी बसलो होतो तेव्हा. मी एकटा जाऊन त्याले ओळखू कसा? रजा घेतली, पास काढला, माणसं काय म्हणन?" तिसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी पास वापरायचा नाही असं त्यांनी ऑफिसात कळवलं. सहीच्या जागी त्यांचा हात थोडा वेळ थांबला असेल. मी पाहिलं नाही, पण मला तसं वाटतं.

मायला त्यांनीच सांगितलं, "तुमची लेक समुद्राले भेते."

मी ते तसंच राहू दिलं. माय म्हणाली, "ज्यानं तुले खांद्यावर बसवून नाला पार केला, त्याच्यासाठी तुले पाण्यात पाय टाकता येत नाही काय?" माझ्याजवळ याला उत्तर होतं आणि मला ते देता येत नव्हतं. न शोधता जाळायची मायची छाती झाली नाही, आणि शोधायला कोणी गेलं नाही. पूस आला आणि गेला. संक्रांतीला वहिनीने गावात वाण वाटलं.

त्यानंतर गाडी वैनगंगेच्या पुलावर आली की हे लोकांसमोर म्हणायचे, "डोळे मीट, पाणी आलं." लोक हसायचे. मीही हसायची. पण त्यांनी टाइमटेबल पुन्हा तसं वाचलं नाही. दोन बेटांचा तो कागद त्यांनी फाडला नाही, नुसता उलटा करून ट्रंकेच्या तळाशी अंथरला.

दोन हिवाळ्यांनंतर माय अंथरुणाला खिळली. वहिनीच तिचं सगळं करायची. मी गेले तेव्हा मायचं डोकं कधी इकडे कधी तिकडे जायचं. कधी मला लहान समजून शाळेत का गेली नाही म्हणायची. एका सकाळी मात्र तिने मला स्वच्छ नजरेने पाहिलं.

"दादाले पाणी देल्लं का?"

वहिनी लोटा घेऊन तिच्या उशाशी उभी होती.

"हौ माय," मी म्हटलं. "देल्लं. रामेश्वरले."

"अन् तिकडे, अंदमानात, पाह्यलं?"

"पाह्यलं. नाही भेटला."

मायने मान हलवली. मग तिची नजर हळूहळू वर गेली, वहिनीच्या हातातल्या लोट्याकडे, काळ्या पोतीकडे. ती आणखी वर जायच्या आत वहिनीने दुसऱ्या हाताने पदर कपाळावरून नाकापर्यंत खाली ओढला. तशीच वाकली आणि तिने मायच्या ओठांना लोटा लावला. माय दोन घोट प्यायली. मग तिने डोळे मिटले. तिला काय दिसलं आणि काय समजलं, मला सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी माय गेली. दादासाठी ठेवलेलं पांढरं कापड तिच्याच कामी आलं.

पण ते पुढचं. त्या सकाळी आम्ही दोघी बाहेर ओसरीवर आलो तेव्हा वहिनीने पदर मागे सारला. कपाळावर कुंकवाचा फक्त डाग उरला होता. बाकीचं पदराच्या काठाला आतून लागलं होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं नाही. मी करंडा आणायला आत गेले, तर ती म्हणाली, "राहू द्या, बाई. माय झोपली की लावन."