घर बघायला आलेले मामा

हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. आणि हसाच! सगळी गल्ली हसून बसलीय, तुम्ही तरी कशाला मागं राहता?

आमचं घर म्हणजे जुनी यंत्रमागाची शेड. माग कधीच भंगारात गेले, आता आत मी आणि आई राहतो. पत्रा गळतो, एक भिंत पोट सुटल्यागत पुढं आलीय. आणि असल्या खुराड्याला निवासी घरपट्टी? माझं टाळकंच सटकलं! मी अर्ज ठोकला, ही जागा माणसानं राहण्याजोगी नाही, घरपट्टी माफ करा. महापालिकेचे साहेब सकाळी बघायला येणार असं कळलं.

त्याच दिवशी दुपारी मैंदर्गीहून मुलीचे मामा येणार होते. पोरगी मला पसंत, मी तिला पसंत, मामांनी घर बघायचं तेवढं राहिलेलं. पस्तिशीत जमत आलेलं लग्न हो!

सकाळी आई शेजारी कपबश्या मागायला गेली आणि दारात एक गृहस्थ उभे. खिशाला पेन, काखेत पिशवी.

"घर बघायला आलोय."

"या साहेब! पण घर कसलं हो? गोठा म्हणा."

"आँ? गळतंय व्हय?"

"पावसाळ्यात छत्री उघडून झोपतो. ती भिंत आज पडते का उद्या! बाईमाणूस तर इथं एक दिवस टिकायचं नाही."

"मग तुमी ऱ्हाता कुटं?"

इथं माझी अक्कल चरायला गेली. इथंच राहतो म्हटलं की पट्टी लागली! मी डोळा मारून म्हणालो, "माझी दुसरीकडं सोय आहे. रात्री तिकडंच असतो."

"आईस्नी ठावं हाय?"

"आईच म्हणाली, असं सांग."

गृहस्थ पाणीसुद्धा न पिता पळाले. मी खूश! काम फत्ते!

दुपारी दुसरे आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. "घर बघायला आलोय." मी सरळ पायाच पडलो. ते घाबरून मागं सरकले.

"पत्रा गळतो ना?"

"छे! थेंब येईल तर शपथ!"

"ही भिंत?"

"मुद्दाम तशी बांधलीय. फॅशन आहे."

"राहता इथंच?"

"जन्मापासून! आता तुमच्या कृपेनं माणसं वाढतील. पोरंबाळं होतील!"

आईनं पोहे दिले. ते त्यांनी पुन्हा मागून घेऊन खाल्ले आणि हात पुसत म्हणाले, "मग अर्ज कशाला केलात? अहो, पत्रा गळो नाहीतर भिंत कलो, आत माणूस राहतोय, चूल पेटतीय, म्हणजे निवासीच. घरपट्टी भरावी लागेल."

"म्हणजे तुम्ही... मामा नाही?"

"कुणाचा मामा?"

मामा तर माझाच झाला होता! तेवढ्यात मध्यस्थाचा फोन आला. आईनं ऐकला आणि कपाळावर हात मारून खालीच बसली.

"आरं मुडद्या, लग्न मोडलं की! तुजी दुसरीकडं कुटली रं सोय? आन् मी सांगितलं म्हनं!"

म्हणजे सकाळी आले ते मामा होते! ती साहेबांकडं हात करून ओरडली, "ह्यास्नी तरी घर पसंत पडलंय न्हवं? इचार की, घरात पोरगी हाय का!"

ती रागानं बोलली हो. पण मी गाढव, खरंच विचारलं.

साहेब चपला घालत होते. एकदा पत्र्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं.

"पोरगी आहे की. पण असल्या घरात माणूस राहतो का हो?"