हार घालायचा फोटो

बावन्नाव्या वर्षी मी दातांना तार लावून घेतली, ती माझ्या मरणाची तयारी म्हणून.

झालं असं, की आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही हसरा फोटो सापडला नाही. तिचे समोरचे दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. शेवटी आधार कार्डाचा फोटो मोठा करून घेतला. आता बैठकीतून आई आमच्याकडे अशी पाहते, की जसं काही आम्हीच तिला मारलं. फार वाईट वाटतं. आणि तेच दात माझ्या तोंडात, तीच सवय माझ्या हाताला. आईच्या तेरवीलाच मी ठरवलं, आपल्या पोरीवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला.

"आंटी, जबड़ा छोटा है, दाँत बड़े हैं. जगह नहीं मिली तो एक-दूसरे पे चढ़ गए. दो निकालेंगे, बाकी तार से धीरे-धीरे सरकाएँगे."

(म्हणजे आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या पार्किंगसारखंच. फक्त तिथं कोणी सरकत नाही.)

दोन वर्षं गेली त्यात. तार कसून आलं की पातळ वरण-भात. चिवडा बंद, ऊस बंद. शेजारीण विचारायची, "काहून वो, लग्न पोरीचं हाये का तुझं?" मी सांगायची, मरणासाठी करून राहिली. मग ती विषय बदलायची.

एकदाची तार निघाली. डॉक्टरीणबाईंनी दातांवर बसवायचा पारदर्शक साचा दिला, रिटेनर. "दाँतों को पुरानी जगह याद रहती है, आंटी. ये नहीं पहना तो लौट जाएँगे. बस, खाते समय निकालना."

आठवडाभरात महालक्ष्म्या बसल्या.

आमच्या घरची रीत अशी, की महालक्ष्म्यांच्या जेवणाचं खरकटं घराबाहेर जात नाही. पत्रावळीसकट अंगणातल्या खड्ड्यात पुरतात, आणि लक्ष्म्या उठेपर्यंत त्या खड्ड्याला हात लावत नाहीत. मी जेवायला बसले, रिटेनर काढला आणि पत्रावळीच्या काठाखाली सरकवला. आंबील झाली, पुरणपोळी झाली. कोणीतरी तूप मागितलं म्हणून उठले, ती वाढण्यातच अडकले. परत येते तर पंगत उठलेली, पत्रावळ नाही. अंगणात सासूबाई बुजवलेल्या खड्ड्यावर हळद-कुंकू वाहत होत्या.

"आई, माझा दाताचा साचा खड्ड्यात गेला."

"राहू दे. उद्या लक्ष्म्या उठल्या की काढजो."

"तोवर दात परत जातीन ना!"

हे शांतपणे म्हणाले, "जाऊन जाऊन कुठं जातीन? तोंडातच राहतीन."

मला रडू आलं. आरतीसुद्धा मी अंगठ्यानं दात दाबून म्हटली. दुसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या आणि मी फावडं घेऊन अंगणात उतरले. पुरण, कढी, सोळा भाज्या, सगळं एकजीव झालेलं. वासाचं तर विचारूच नका. खणता खणता फावड्याखाली कटकन वाजलं. अर्धा रिटेनर हातात आला. उरलेला अर्धा लक्ष्म्यांना पावला.

मी तिथंच रडायला लागले. दोन वर्षं वरण-भात कशासाठी खाल्ला, तेच समजेना.

सासूबाई पायरीवरून पाहत होत्या. "काय दातासाठी रडून राहिली तू. माझ्याकडं पाय. एकबी दात नाही. आता वाकडे होतीन कसे?" आणि पूर्ण बोळकं उघडून हसल्या.

मग मलाही हसू फुटलं. हात सवयीनं तोंडाकडे निघाला, पण एका हातात फावडं, दुसऱ्यात अर्धा रिटेनर. तोंड झाकायला हातच उरला नाही. तेवढ्यात पोरीनं मोबाइल काढला.

डॉक्टरीणबाई तेव्हा महिनाभर माहेरी गेलेल्या. नवा रिटेनर मिळेपर्यंत समोरचा एक दात पुन्हा आईच्या जागेवर जाऊन टेकला होता. माझा हातही पूर्वीसारखा तोंडावर. म्हणजे सरळ दातांचा, मनापासून हसतानाचा माझा फोटो जगात एकच आहे.

"मम्मी, बस यही लगाएँगे," पोरगी म्हणते.

लावा म्हटलं. फक्त हार जरा लांब घ्या, फावडं झाकलं जाईल एवढा.