ग्रुपमधलं ग्रुपमध्येच

माधवनगरला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या युनिटात आम्ही पाचजणी एका रांगेत बसतो. मशीन सुरू असली की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही फोनवर ग्रुप काढला. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की सांगायला बसलं तर चहा गार होतो!

ग्रुपचं नाव ‘फक्त आपण’. काढला शैलानं. ती आमच्यात सगळ्यात लहान आणि दिवसभर रील करणारी. म्हणाली, “हितले मेसेज लॉक असत्यात. ॲपवाल्या कंपनीला बी वाचता येत न्हाईत.”

आमच्यात थोरल्या नंदाक्का. त्या म्हणाल्या, “कंपनीचं सोड गं. माझ्या जावंला वाचता येत्यात का, ते सांग!”

*

पहिला दणका नंदाक्कांनाच. कामाचा ग्रुप वेगळा, त्यात मालकही आहेत. एकदा मालक सकाळपासून चिडलेले. नंदाक्कांनी फोन तोंडाजवळ धरून व्हॉइस मेसेज टाकला, “मालक आज नुसता गुरगुरतोय. बायकोनं डबा दिला न्हाई वाटतं!”

टाकला तो कामाच्या ग्रुपवर.

शैला ओरडली, “अक्का, डिलीट करा!” अक्कांनी केला. पण फक्त स्वतःच्या फोनमधला! बाकी सगळ्यांकडे तसाच.

केबिनमधून, मालकांच्या फोनवर, अक्कांचाच आवाज मोठ्यानं ऐकू आला. एकेक मशीन बंद झाली. मालक बाहेर आले, अक्कांच्या समोर उभे राहिले. अक्कांनी कात्री घेतली आणि नसलेला दोरा कापायला लागल्या.

“नंदाक्का, डबा दिलाय,” मालक म्हणाले. “पण आज परत वांगंच हाय!”

*

रेखाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा फौजेत. सुट्टी कधी, कुठल्या गाडीनं, यातलं काही कुठं टाकायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. रेखा आम्हालासुद्धा “येणार हायेत” एवढंच सांगायची.

तिच्या दिरानं उत्साहाच्या भरात भावाचा वर्दीतला फोटो पब्लिक टाकला. वर गाडीचं नाव, निघायची वेळ, आणि “आमचा वाघ येतोय!”

रेखाला कामावरच नवऱ्याचा फोन आला. “कुणी टाकलं?” एवढंच विचारून बंद. त्यानंतर त्याचा फोन लागेना. पोस्ट काढली, पण तोवर ती कुणीकुणी पुढं पाठवलेली. रेखा शिवण घालायची आणि तीच उसवायची.

नवऱ्याला साहेबांपुढं उभं राहावं लागलं, सुट्टी पुढं गेली. शेवटी आला तो न सांगता. दारात दिरानं सेल्फीसाठी फोन वर धरला. त्यानं तो फोन काढून घेतला, स्वतःच्या खिशात घातला आणि म्हणाला, “आधी जेवू.”

सुट्टी संपेपर्यंत फोन त्याच खिशात!

*

माझीही एक गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या मुलीला पाटणचं स्थळ आलं. मुलगा चांगला. मी ग्रुपवर लिहिलं, “मुलगा बरा हाय, पण त्याची आई त्याला भाकरीसुद्धा मोडून देते.”

दोन दिवसांत ते वाक्य जसंच्या तसं पाटणला पोचलं! स्थळ मोडलं. आता ग्रुपमध्ये होतो आम्ही पाचजणी. फोडलं कुणी? कुणी कुणाशी बोलेना. डबेसुद्धा वेगवेगळे उघडायला लागलो. रेखा ग्रुप सोडून गेली.

एके दिवशी मी घरी गेले, तर नवरा माझा फोन हातात धरून शेजाऱ्याला काहीतरी वाचून दाखवत होता.

“अवो, हे काय चाललंय?”

“लय झ्याक लिवतीस गं,” तो म्हणाला. “ते भाकरीचं तर मी मध्यस्थाला बी वाचून दाखवलं!”

*

पाचवी मंगल. तिचं सासर वडूजकडं. नवऱ्याच्या मारामुळं तिचं डावं मनगट अजून नीट वळत नाही. ती घर सोडून इथं राहते, हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. फोटो निघायला लागला की ती पाणी प्यायला उठायची.

दसऱ्याच्या मशीनपूजेला शैलानं रील केली आणि पब्लिक टाकली. मागं नारळाचं ताट धरून मंगल, डोक्यावर युनिटचा बोर्ड. शैलाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली कमेंट आली, “ही तर आमची वैनी!”

शैला पांढरीफटक पडली. रील उडवली, पण आता काय उपयोग! मालकांनी शटर ओढलं, पोलिसांना फोन लावला. मंगल मशीनखाली चप्पल शोधत होती, सापडत नव्हती.

तेवढ्यात शटर वाजलं. “मंगल हाय का गं?” बाईचा आवाज.

“माझी सासू,” मंगल म्हणाली आणि तशीच अनवाणी मशीनमागं सरकली.

शटर थोडं वर केलं. म्हातारी एकटीच होती. वाकून आत आली आणि धापा टाकत म्हणाली, “त्यानं बघितलंया. दुपारच्या गाडीनं येतोय. म्या सकाळचीच गाडी धरली. पोरी, हितनं हल.”

नंदाक्का मंगलला मागच्या दारानं आपल्या बहिणीकडं घेऊन गेल्या. सासू कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसली.

मग मंगलचा नवरा आला. मालकांशेजारी हवालदार बसलेले बघून आवाज खाली आला, पण डोळे सगळ्या मशीनांवरून फिरले. रिकाम्या मशीनवर थांबले. म्हातारीनं गठ्ठ्यामागं तोंडात पदर कोंबलेला मला दिसत होता. हवालदार उठले, त्याला गाडीपर्यंत सोडून आले.

शैलाच्या फोनवर ग्रुपचा मेसेज वाजला. तिनं तो म्हातारीला वाचून दाखवला, “मंगल लिहितीय, पोचले.”

म्हातारी उठली. पदर सारखा केला. पिशवीच्या तळातून, लुगड्याच्या घडीतून एक मोठा फोन काढला आणि शैलापुढं धरला.

“ह्यो माझ्याकडं हाय, हे त्याला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्या त्या ग्रुपात मला बी घे.”