तीन डब्यांतलं एकच औषध

माझी भावजय व्हर्लीन कुबिचेक "मला माहीत नाही" असं म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. आमच्या नेब्रास्कातल्या गावात मेन स्ट्रीटवर तिचं केस कापायचं, रंगवायचं दुकान आहे. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस ती सांभाळायचीच, पण तब्येतसुद्धा तिच्याच ताब्यात असायची. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाची पाठ धरलीय, कुणाचं नाक चोंदलंय असं कानावर आलं की व्हर्लीन कात्री खाली ठेवायची आणि पर्स उघडायची. पर्समध्ये जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक जुनी बाटली होती. लेबल कधीच निघून गेलं होतं आणि आत पांढऱ्या, लाल, निळ्या गोळ्यांची सरमिसळ.

"ही घे. पांढरी डोक्याला, निळी झोपेला."

"वहिनी, पांढऱ्या दोन जातीच्या आहेत," मी एकदा म्हणाले. "एक गोल, एक लांबट."

"डोरीन, मला केसांच्या रंगातला केसाएवढा फरक लांबून कळतो. दोन गोळ्यांतला कळणार नाही?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नणंद म्हणून एवढं टोकण्याचा माझा हक्क होता, आणि उत्तर देण्याचा तिचा.

तिचा हा विश्वास उगाच आलेला नव्हता. तिचं लहानपण गावापासून लांब, मातीच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या शेतावर गेलं. हिवाळ्यात बर्फ पडलं की डॉक्टर गाठणं मुश्कील. तिची आई छातीला हंसाची चरबी चोळायची, कांद्याचा रस पाजायची, आणि ॲस्पिरिनची बाटली पिठाच्या डब्यामागं जपून ठेवायची. आपल्या माणसांचं आपणच बघायचं, हे व्हर्लीनच्या अंगात तिथंच भिनलं. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा माझ्या आईचं शेवटच्या वर्षांत सगळं तिनंच केलं. तिच्या हाताला गुण आहे असं आई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर होताही.

मागच्याच्या मागच्या फेब्रुवारीत माझा मोठा भाऊ, व्हर्लीनचा नवरा एल्डन, आजारी पडला. तो धान्याच्या कोठारावर काम करायचा. गुडघा झिजलेला, त्यासाठी रोज संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या. त्या कुठल्याही दुकानात मिळतात, चिठ्ठी लागत नाही. त्यात त्याला फ्लू झाला. व्हर्लीननं सर्दी-तापाचं नारिंगी रंगाचं औषध आणलं, दिवसाचं वेगळं, झोपायच्या वेळचं वेगळं, आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्यानं भरभरून पाजायला सुरुवात केली. बाटलीबरोबर आलेलं मापाचं टोपण तिनं खिडकीत ठेवून दिलं होतं. शिवाय ताप उतरला नाही की मधूनच वाफाळत्या सूपबरोबर पर्समधली एक पांढरी.

रविवारी चर्चहून परत येताना मी त्यांच्याकडे डोकावले. सोबत डुकराचं भाजलेलं मांस, आंबवलेली कोबी आणि उकडलेले पिठाचे गोळे नेले होते. हे जेवण समोर आलं की एल्डन आधी खातो आणि मग नमस्कार-चमत्कार करतो. त्या दिवशी त्यानं झाकण उघडल्याबरोबर तोंड फिरवलं.

"ने ते. वास सहन होत नाही."

"दादा, तुला? ह्याचा?"

"सकाळपासून उलट्या होतायत त्याला," व्हर्लीन म्हणाली. "फ्लू पोटात उतरलाय. आणखी एक चमचा देते, झोपेल."

एल्डन पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबून बसला होता. तो कण्हत नव्हता, तक्रारही करत नव्हता. खरं तर त्याचीच मला जास्त धास्ती वाटली, कारण हा माणूस साधं नख मोडलं तरी आठवडाभर गावाला सांगतो.

व्हर्लीननं चमचा भरला आणि थांबली. उलटी होत असताना हे द्यायचं का, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं बाटली फिरवली, चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागली. बराच वेळ वाचत राहिली. मग उठून कपाटातून गुडघ्याच्या गोळ्यांचा डबा आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"डोरीन, हे वाच. माझेच डोळे फसवतायत का बघ."

दोन्हीकडे एकच शब्द होता. ॲसिटॅमिनोफेन. इतर देशांत ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात ते. एका डब्यावर गुडघ्याचं चित्र, दुसऱ्यावर नाक पुसणारा माणूस, आणि आत औषध तेच. पर्समधली डोक्याची पांढरी गोळीही त्याचीच असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. खाली असंही लिहिलं होतं की प्रमाणाबाहेर घेतलं तर यकृताला इजा होते, आणि दारू घेत असाल तर जास्तच.

व्हर्लीननं चमच्यातलं औषध मोरीत ओतलं आणि फोन उचलला. विषबाधा झाली तर विचारायची एक मोफत सेवा आहे. तिकडच्या बाईंनी शांतपणे एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. वय काय, वजन काय, काय काय घेतलं, कधीपासून. व्हर्लीन बाटल्या हातात धरून उत्तरं देत होती.

"आणखी काही घेतलंय का त्यांनी, विचारतायत," ती म्हणाली. "एल्डन, आणखी काही?"

एल्डन जमिनीकडे बघत होता.

"एल्डन कुबिचेक, मी तुझ्याशी बोलतेय."

"कोटाच्या खिशात आहेत," तो हळूच म्हणाला. "कामावर डोकं ठणकायचं म्हणून पेट्रोल पंपावरून घेतल्या. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

"कधीपासून?"

"आजारी पडल्यापासून. आणि संध्याकाळी बिअर. रोजचीच."

मी कोटातून पुडी काढली. मागं तोच शब्द. व्हर्लीननं तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. बाई म्हणाल्या, वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या, आणि सगळे डबे बरोबर घ्या.

लिंकन शहरातल्या हॉस्पिटलला जाताना गाडी मी चालवली. एल्डन मागं बादली धरून बसला होता. मांडीवर औषधांची पिशवी घेऊन व्हर्लीन पुढं बसली.

रक्त तपासलं. यकृताला मार बसलेला होता. त्यांनी शिरेतून उतारा सुरू केला. तिथले डॉक्टर वयानं आमच्या मुलांएवढे, पण नीट समजावून सांगणारे.

"आज आणलंत हे फार बरं केलंत," ते व्हर्लीनला म्हणाले. "हे दुखणं फ्लूसारखंच दिसतं. पुष्कळ लोक घरीच थांबतात."

"मीच पाजलं त्यांना," व्हर्लीन म्हणाली.

"आणि तुम्हीच ओळखलंत."

तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. पुढचे दोन-तीन दिवस ती पलंगाशेजारी गप्प बसून होती. रक्ताच्या तपासणीतले आकडे उतरायला लागले, एल्डनला भूक लागली, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ डोरीन, बायकोला गप्प करायला मला यकृत पणाला लावावं लागलं."

"गप्प नाहीये मी," व्हर्लीन म्हणाली. "तुझ्या खिशांचा विचार करतेय. घरी गेल्यावर सगळे शिवून टाकणार आहे."

तेव्हा मला वाटलं, आता दोघंही बरी होणार.

घरी आल्यावर ती आधी दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानात गेली. तिथली फार्मासिस्ट रोझान स्टेलिक कडक बाई आहे. व्हर्लीननं पर्समधली बाटली तिच्या काउंटरवर पालथी केली.

"ह्यात काय काय आहे ते सांग."

"काही ओळखता येतील," रोझान म्हणाली. "पण त्यानं काय होणार? तारीख नाही, नाव नाही. त्या कोपऱ्यातल्या पेटीत टाक, त्यांची विल्हेवाट आम्ही लावतो."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि पुढच्या वेळी डबा घेतलास की आधी उलटा कर. पुढं नुसती जाहिरात असते. आत काय आहे ते मागं लिहिलेलं असतं."

"मग ते मुंगीच्या अक्षरात कशाला लिहिता?"

"मी नाही लिहीत. चष्मा लाव, नाहीतर मला विचार. आम्ही इथं नुसत्या बाटल्या मोजायला उभ्या नाही."

व्हर्लीन तिथंच बराच वेळ उभी राहून विचारत बसली. गुडघ्याच्या गोळीबरोबर काय चालतं, काय चालत नाही, पोरांना औषध वजनावर का देतात, खोकल्याच्या औषधानं झोप का येते. मागं रांग लागली तरी हटली नाही. मला लाज वाटत होती, तिला अजिबात नाही.

आता त्यांच्या घरात औषधं एकाच कपाटात असतात, आपापल्या डब्यांत. कुणी काही घेतलं तर मोठ्यानं सांगायचं असा तिचा नियम आहे. एल्डन मुद्दाम अंगणातून ओरडतो, शेजारच्यांनाही त्याच्या पोटाची खबर असते. बिअर त्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली, आणि त्याबद्दल तो जो भेटेल त्याला ऐकवतो.

दुकानातला तिचा दरारा मात्र कमी झाला नाही. बायका अजूनही दुखणी घेऊन तिच्याच खुर्चीत बसतात. परवा मी तिथं होते. बर्नाडीन झाक म्हणून आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आणि गाणारी बाई आहे, ती केसांना रंग लावून, डोकंभर चंदेरी कागद गुंडाळून बसली होती.

"व्हर्लीन, नाक बंद झालंय गं. रविवारी गायचंय. ती लाल गोळी दे की एखादी."

"माझ्याकडे गोळ्या नाहीत. आणि तुला रक्तदाब आहे ना?"

"आहे. त्याचं काय?"

"नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी तो चढतो. तुला कुठलं चालेल ते मला माहीत नाही. रोझानला विचार."

"केस झाले की जाते."

"तोवर ती जेवायला जाईल. आत्ताच जा."

"ह्या अवतारात?"

"गावानं तुला ह्याहून वाईट पाहिलंय. ऊठ."

बर्नाडीन तशीच, अंगावर काळा झगा आणि डोक्यावर चमकणारे कागद, रस्ता ओलांडून गेली. ट्रकवाल्यानं गाडी थांबवून तिला वाट दिली. तिकडे रोझाननं तिच्या सगळ्या गोळ्यांची नावं विचारली आणि नाकात मारायची साध्या मिठाच्या पाण्याची बाटली दिली. पण दोघी गप्पांत रमल्या आणि बर्नाडीन परत आली तोवर रंग ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त चढला होता. कागद काढून पाहिलं, तर केस तांब्याच्या भांड्यासारखे.

बर्नाडीन आरशात बघत राहिली.

"शोभतोय तुला," व्हर्लीन ठामपणे म्हणाली.

रविवारी बर्नाडीन तसेच केस घेऊन ऑर्गनवर बसली आणि मोकळ्या नाकानं गायली. पुढच्या वेळी रंगवायला आली तेव्हा तिनं तोच रंग मागितला.